खचलेले घर घ्यावे की न घ्यावे?

घर ही सामान्य कुटुंबाच्या आयुष्यातील सर्वांत मोठी खरेदी होय. नोकरदार आपला भविष्य निर्वाह निधी, शेतकरी विकलेल्या एखाद्या तुकड्याची किंमत आणि शिक्षक निवृत्तीच्या वेळी हाती येणारी रक्कम या एकाच व्यवहारात घालतो. पाहावयास गेलेल्या घराच्या भिंतीवर तिरका तडा दिसला, किंवा शेजाऱ्याने "ही बाजू मागे एकदा खचली होती" असे सांगितले, की अशा माणसाचे मन साशंक होते. काहीजण तेथूनच मागे फिरतात. काहीजण गिलावा नवा आहे, रंग ताजा आहे आणि किंमतही उतरती आहे एवढ्यावर समाधान मानून इसार देऊन मोकळे होतात. हे दोन्ही निर्णय बहुधा घाईचे ठरतात. एकदा खचून नंतर वर्षानुवर्षे स्थिर राहिलेली घरे पुष्कळ आहेत. आणि वरून निर्दोष दिसणारी, पण आतून दरवर्षी हलणारी घरेही तितकीच आहेत. म्हणून घर खचले होते काय, एवढेच विचारून भागत नाही. ते कशामुळे खचले आणि ते कारण आज नाहीसे झाले आहे काय, हे दोन प्रश्न विचारावे लागतात. त्यांची उत्तरे मिळविण्याचा मार्ग या लेखात सांगितला आहे.

घर खचते म्हणजे काय होते?

कोणतेही नवे घर आपल्या भाराने थोडे खाली बसतेच. सगळे घर सारखे खाली बसले तर फारसे बिघडत नाही. एक कोपरा बसला आणि दुसरा जागेवर राहिला, म्हणजे मात्र भिंतीवर ताण येतो आणि ती तडकते. ३ मीटर लांबीच्या भिंतीचे एक टोक दुसऱ्यापेक्षा १ सेंटिमीटर खाली गेले, म्हणजे फरक तीनशेस एक इतका झाला, की भिंतींना तडे जाऊ लागतात असा स्थापत्यशास्त्रातील सर्वसाधारण अनुभव आहे. यावरून हा दोष किती सूक्ष्म प्रमाणात सुरू होतो याची कल्पना यावी.

जमीन हलण्याची कारणे मुख्यतः तीन प्रकारची असतात. पहिले, माती ऋतुमानाप्रमाणे फुगते व आकसते. दुसरे, घराखाली भर घातलेली असते आणि ती हळूहळू दबत जाते. तिसरे, जमिनीखाली पोकळी असते किंवा जमिनीचा संपूर्ण थरच सरकत असतो. या तिन्हींचे वागणे वेगळे आणि त्यांवरील उपायही वेगळे आहेत.

काळी आणि पांढरी

आपल्या गावगाड्यात जमिनीचे 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन भाग मानीत असत. काळी म्हणजे पिकाची जमीन आणि पांढरी म्हणजे वस्तीची जागा. पूर्वजांनी घरे पांढरीवर बांधली यात व्यवहारज्ञान होते. दख्खनच्या पठारावरील काळी माती अग्निजन्य खडकाच्या विदारणातून तयार झाली असून तिच्यात 'माँटमोरिलोनाइट' या खनिजाचे प्रमाण मोठे असते. हे खनिज पाणी शोषून फुगते आणि पाणी गेले की आकसते. उन्हाळ्यात काळ्या रानात हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि मृगाच्या पावसानंतर त्या मिटतात, हे शेतकऱ्याला सांगावयास नको. नेमकी हीच हालचाल घराच्या पायाखालीही चालू असते.

घराच्या मध्यभागाखालील माती झाकलेली असल्यामुळे तेथील ओल फारशी बदलत नाही. बाहेरच्या भिंतींखालील माती मात्र उन्हाळ्यात सुकून खाली बसते आणि पावसाळ्यात फुगून पाया वर उचलते. कोपरे दरवर्षी असे खाली-वर होत राहिले की दारे-खिडक्यांच्या कोपऱ्यांतून तिरके तडे निघतात, दारे चौकटीत अडकू लागतात आणि फरशी असमान होते. भिंतीला लागून मोठे झाड असेल तर त्याची मुळे माती अधिकच सुकवितात. उलट असे जुने झाड एकाएकी तोडले, तर माती पुन्हा ओल धरून कित्येक महिने फुगत राहते. छपराच्या पन्हळीचे पाणी एकाच कोपऱ्यात पडत असेल किंवा मोरीची नळी फुटलेली असेल, तर तेवढाच भाग इतरांहून वेगळा हलतो.

गावठाणे वाढली, शहरालगतची शेते अकृषिक झाली आणि घरे पांढरी सोडून काळीत उतरली. बांधण्याची पद्धत मात्र पुष्कळदा जुनीच, उथळ पायाची राहिली. विदर्भ, मराठवाडा आणि पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागातील तडकलेल्या असंख्य घरांचे मूळ येथे आहे.

भराव, विहिरी आणि पेवे

पांढरीवरचे प्रत्येक घर सुरक्षित असते असेही नाही. जुन्या गावठाणात पिढ्यान् पिढ्यांची राख, शेण, पडक्या वाड्यांची माती यांचे थर साचलेले असतात. ज्वारी साठविण्यासाठी जमिनीत खणलेली पेवे अनेक वाड्यांत होती. ती बुजविताना क्वचितच नीट दाबून भरली गेली. बुजविलेली विहीर, आटलेला तलाव, वळविलेला नाला आणि दगडाची बंद पडलेली खाण यांवर पाडलेल्या भूखंडांचीही हीच स्थिती असते. भर नीट थर देऊन दाबलेली नसेल, तर ती अनेक वर्षे दबत राहते. पाण्याची नळी फुटली किंवा अतिवृष्टी झाली, की ती एकाएकीही बसते. घराचा अर्धा भाग मूळ जमिनीवर आणि अर्धा भरावावर असेल, तर तडा बहुधा त्या सीमारेषेवरच पडतो.

जमिनीखालील पोकळी

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर होय. चंद्रपूर जिल्ह्यातील घुग्घुस येथे ऑगस्ट २०२२ मध्ये एक राहते घर पाहता पाहता जमिनीत गडप झाले. त्या वस्तीखाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. घरातील माणसे वेळीच बाहेर पडल्याने प्राणहानी टळली. परंतु आसपासच्या कुटुंबांना आपली घरे सोडावी लागली. कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण १९७३ मध्ये झाले. त्यापूर्वीच्या कामांचाही विचार करावा लागत असल्याने, खाण भागात घर घेणाऱ्याने केवळ आज चालू असलेल्या खाणींची चौकशी करून थांबू नये; बंद पडलेल्या भूमिगत कामांचे नकाशेही पाहावेत.

डोंगराळ भागात संपूर्ण उतारच सरकण्याचा धोका असतो. उत्तराखंडातील जोशीमठ येथे जानेवारी २०२३ मध्ये आठशेहून अधिक इमारतींना तडे गेल्याचे आढळले. हे गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेले असून तेथे अवजड बांधकामे करू नयेत, असा इशारा शासनाने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच दिला होता. अशा ठिकाणी घराचा पाया कितीही मजबूत केला तरी उपयोग नसतो. कारण दोष घराचा नसून जागेचा असतो.

तडे कसे वाचावेत?

प्रत्येक तडा खचण्याचा नसतो. गिलाव्यावरील केसासारख्या जाळीदार रेषा गिलावा वाळताना पडतात. छताच्या स्लॅबखालून आडवी जाणारी रेषा बहुधा उन्हाने स्लॅब प्रसरण पावल्यामुळे उमटते. जो तडा आतून व बाहेरून एकाच जागी दिसतो, जोत्यापर्यंत पोहोचतो आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यापायऱ्यांनी तिरका चढतो, तो पायाच्या हालचालीचा समजावा. असा तडा वरच्या बाजूस रुंद असेल तर कोपरा खाली गेला असण्याचा, आणि खालच्या बाजूस रुंद असेल तर भिंतीचा मधला भाग बसला असण्याचा संभव अधिक.

रुंदीवरूनही अंदाज येतो. १ मिलिमीटरपर्यंतचा तडा किरकोळ, ५ मिलिमीटरपर्यंतचा साध्या दुरुस्तीने भरून येणारा आणि १५ मिलिमीटरपेक्षा अधिक रुंदीचा तडा गंभीर मानला जातो. तथापि रुंदीपेक्षा हालचाल महत्त्वाची. तडे तीन तऱ्हांनी वागतात. काही तडे एकदा पडून थांबलेले असतात. त्यांच्या कडा मळलेल्या, बोथट व जुन्या रंगाने भरलेल्या दिसतात. काही वैशाखात उघडतात आणि भाद्रपदात मिटतात; हे काळ्या मातीचे लक्षण. काही मात्र कोणताही ऋतू न पाहता वाढतच जातात. तेथे दबणारा भराव, गळणारे पाणी किंवा खालची पोकळी यांचा संशय घ्यावा.

यातून एक व्यावहारिक सूचना निघते. काळ्या मातीवरील घर पावसाळ्याच्या अखेरीस सर्वांत चांगले दिसते. दिवाळीच्या सुमारास पाहून पसंत केलेल्या घराची खरी परीक्षा पुढच्या मे महिन्यात होते. शक्य असेल तर अशा घराची एक पाहणी उन्हाळ्याच्या अखेरीस आणि दुसरी पावसाळ्यानंतर करावी. तेवढी सवड नसेल, तर वर्षभर भाड्याने राहून मग खरेदी करण्याचा करार विक्रेत्यापुढे मांडण्यास हरकत नाही.

स्वतः करावयाची तपासणी

अभियंत्याला बोलावण्यापूर्वी पुष्कळ माहिती स्वतःच गोळा करता येते. गवंड्याचा ओळंबा लावून भिंती सरळ आहेत काय ते पाहावे. पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने जोत्याच्या चारही कोपऱ्यांची पातळी ताडून पाहावी. तड्यावरील गिलावा थोडा काढून, विटांवर काचेची पातळ पट्टी दोन्ही बाजूंस घट्ट बसवावी व तीवर तारीख लिहावी. हालचाल झाली तर काच तडकते. तड्याच्या दोन्ही बाजूंस एकेक खिळा ठोकून त्यांतील अंतर दरमहा मोजले, तर हालचाल किती झाली हेही कळते.

विक्रेत्याची संमती घेऊन भिंतीलगत एक खड्डा खणावा. पाया किती खोल गेला आहे, तो मुरमावर टेकला आहे की काळ्या मातीतच थांबला आहे, आणि मातीत विटांचे तुकडे, राख किंवा कचरा सापडतो काय, हे त्यातून उघड होते. या एका खड्ड्याने होणारा उलगडा दहा जणांच्या सांगण्याने होत नाही.

माती किती फुगणारी आहे याची एक साधी चाचणी भारतीय मानकांत दिलेली असून ती माध्यमिक शाळेच्या प्रयोगशाळेतही करता येण्यासारखी आहे. पूर्ण वाळविलेली माती ४२५ मायक्रॉनच्या चाळणीतून चाळून तिचे १०-१० ग्रॅमचे दोन भाग करावेत. १०० मिलिलिटरच्या दोन मोजनळ्यांपैकी एकीत केरोसीन व दुसरीत शुद्ध पाणी घेऊन त्यांत हे भाग टाकावेत, ढवळून हवा काढावी आणि किमान २४ तास स्थिर ठेवावे. केरोसीनमध्ये माती फुगत नाही. समजा, केरोसीनमधील माती १२ मिलिलिटरवर आणि पाण्यातील २१ मिलिलिटरवर स्थिरावली, तर वाढ ९ मिलिलिटर, म्हणजे ७५ टक्के झाली. हे प्रमाण ५० टक्क्यांच्या आत असेल तर चिंता थोडी. १०० टक्क्यांच्या वर असेल तर साधा उथळ पाया तेथे टिकणार नाही असे समजावे. अंतिम निर्णयासाठी मात्र शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयाची किंवा मान्यताप्राप्त प्रयोगशाळेची चाचणी आणि अनुभवी संरचना अभियंत्याचा लेखी अहवाल घ्यावा. कर्ज देणारी बँक घराचे मूल्यांकन करते ते आपल्या कर्जाच्या तारणापुरते. ती जमिनीची तपासणी नव्हे.

पूर्वीची दुरुस्ती कशाची झाली?

"दुरुस्ती करून घेतली आहे" असे विक्रेता सांगतो, तेव्हा दुरुस्ती तड्याची झाली की कारणाची, हे विचारावे. सिमेंट भरून रंग दिला असेल तर कारण तसेच राहिले. याउलट फुटलेली नळी बदलली, पन्हळीचे पाणी दूर नेले, जोत्याभोवती दीड-दोन मीटर रुंदीचा पक्का, बाहेर उतरता पदर केला, शोषखड्डा भिंतीपासून लांब हलविला, आणि त्यानंतर दोन-तीन वर्षे तडा उघडला नाही, तर ती दुरुस्ती खरी म्हणावी.

पाया खाली नेऊन आधार दिला असल्यास त्याचे आराखडे, अभियंत्याचे प्रमाणपत्र व खर्चाच्या पावत्या मागाव्यात. काळ्या मातीसाठी रुडकी येथील केंद्रीय इमारत संशोधन संस्थेने विकसित केलेले, तळाशी कंदासारखा फुगवटा असलेले काँक्रीटचे 'अंडर-रीम्ड पाइल' देशभर वापरले जातात. खोल काळ्या मातीत त्यांची लांबी किमान साडेतीन मीटर असावी असे भारतीय मानक सांगते; कारण ऋतुमानाची हालचाल त्या खोलीच्या खाली फारशी पोहोचत नाही. न फुगणाऱ्या चिकट मातीचा पुरेसा जाड थर वर दाबून बसविल्यास काळ्या मातीचे फुगणे आटोक्यात राहते, हे मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेतील प्रा. आर. के. कट्टी यांच्या संशोधनाने सिद्ध झाले असून कालव्यांच्या कामांत त्याचा उपयोग करण्यात आला आहे. नव्या बांधकामात हे उपाय सोपे असतात. उभ्या घराखाली पाया मजबूत करणे मात्र खर्चाचे व कुशल देखरेखीचे काम आहे.

कायदा आणि विमा

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम ५५ अन्वये, मालमत्तेतील जो महत्त्वाचा दोष विक्रेत्यास ठाऊक आहे, खरेदीदारास ठाऊक नाही आणि सर्वसाधारण काळजी घेऊनही त्याच्या ध्यानात येणार नाही, तो उघड करणे हे विक्रेत्याचे कर्तव्य आहे. गिलाव्याखाली झाकलेला तडा हा असा दोष ठरू शकतो. भिंतीवर उघडा दिसणारा तडा मात्र खरेदीदाराने स्वतःच पाहावयाचा असतो. करारात वेगळे ठरले असल्यास हे संरक्षण कमी होते. म्हणून "आहे त्या स्थितीत" असे शब्द असतील तर वकिलाचा सल्ला घेतल्याविना सही करू नये. घर पूर्वी खचले होते काय, केव्हा, आणि कोणती दुरुस्ती केली, हे प्रश्न लेखी विचारावेत व उत्तरे करारनाम्यास जोडावीत. खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदविले गेले म्हणजे घराची मजबुती तपासली गेली, असा समज बाळगू नये.

१ एप्रिल २०२१ पासून उपलब्ध झालेल्या 'भारत गृह रक्षा' या प्रमाणित विमा पॉलिसीत जमीन खचणे व दरड कोसळणे यांमुळे होणाऱ्या हानीचा समावेश आहे. परंतु नेहमीचे तडे, नव्या बांधकामाचे बसणे, भरावाचे दबणे आणि सदोष बांधणी यांमुळे होणारी हानी त्यातून वगळलेली असते. म्हणजेच ज्या कारणांनी आपल्याकडील बहुसंख्य घरे तडकतात, त्यांचा भार विम्यावर टाकता येत नाही. विमा घेताना पूर्वीचा इतिहास लपविला, तर पुढे दावाही नाकारला जाऊ शकतो.

निर्णयाचे गणित

कारण कळले, हालचाल मोजली आणि उपायाचा अंदाज हाती आला, म्हणजे प्रश्न किमतीचा उरतो. समजा, तशाच निर्दोष घराची किंमत ३० लाख रुपये आहे. अभियंत्याने दुरुस्तीचा खर्च ६ लाख सांगितला. कामाच्या काळातील भाडे ५० हजार व तपासणीचा खर्च ३० हजार होईल. उभ्या घराखालील काम उकरल्यावर नेहमीच काही नवे निघते. त्यासाठी दुरुस्तीच्या पाचव्या हिश्शाइतके, म्हणजे १ लाख २० हजार बाजूस ठेवावेत. एकूण ८ लाख झाले. मग ते घर २२ लाखांपेक्षा अधिक किमतीस घेणे हा तोटा होय. त्यातही पुढे विकताना हाच इतिहास पुढील खरेदीदारास सांगावा लागणार, हे विसरू नये. विक्रेता दोन लाख कमी करतो म्हणून असे घर स्वस्त होत नाही.

खचण्याचे कारण निश्चित कळले असेल, ते दूर झाले असेल आणि किमान एक उन्हाळा व एक पावसाळा घर स्थिर राहिले असेल, तर निःशंकपणे घ्यावे. काळ्या मातीची हालचाल चालू आहे पण उपाय शक्य आहे, अशा स्थितीत वरील हिशेबाने किंमत कमी होत असेल तरच घ्यावे. तडा वाढतच आहे आणि कारण सांगता येत नाही, विक्रेता खड्डा खणू देत नाही, किंवा घर जुन्या खाणीवर अगर सरकत्या उतारावर आहे, तर कितीही स्वस्त मिळाले तरी सोडून द्यावे. दिलेला इसार बुडाला तरी तो जन्माच्या पुंजीपुढे थोडाच असतो.

गावपातळीवर करता येण्यासारखे

एका कुटुंबाला शोधण्यास महिने लागतील अशी माहिती गावाजवळ पुष्कळदा आधीच असते. बुजविलेली विहीर कोठे होती, नाला कोठून वाहत असे, कोणत्या वाड्यात पेव होते, हे वृद्ध मंडळींना ठाऊक असते. त्यांच्याबरोबर ते ज्ञानही नाहीसे होते. ग्रामपंचायतीने अशा जागांची नोंद गावठाणाच्या नकाशावर करून ठेवली आणि घर घेऊ वा बांधू इच्छिणाऱ्यास ती दाखविली, तर खर्च जवळजवळ शून्य आणि लाभ मोठा आहे. शिक्षकांना विद्यार्थ्यांकडून वृद्धांच्या मुलाखती घेऊन असा नकाशा करविता येईल, आणि वर सांगितलेली मातीची चाचणी गावाच्या चार दिशांच्या नमुन्यांवर करून तिचे आकडे शाळेच्या फलकावर लावता येतील. अंगणवाडी, शाळाखोली किंवा पंचायतीची इमारत यांसाठी जागा निवडतानाही हीच नोंद उपयोगी पडेल. खरेदीदारास ती इसार देण्यापूर्वी पाहावयास मिळाली, तर अनेक कुटुंबांची आयुष्यभराची बचत वाचेल.